रेषेला टेकलेला बाण

दोन्ही हात समोर ताणायचे, पंजे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांच्या बेचक्यात एक लहानसा त्रिकोण करायचा, त्या त्रिकोणातून भिंतीवरचं घड्याळ पाहायचं आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ त्रिकोणातच दिसत राहतं तो मालक डोळा. ज्याला ते दिसेनासं होतं तो नोकर. वर्ग घेणाऱ्या ताईंनी हे माझ्या नातीला समजावून सांगितलं तेव्हा मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो होतो, आणि हाताला काही काम नव्हतं म्हणून मीही हात पुढे केले. उजवा डोळा मिटला, घड्याळ जागेवर होतं. डावा मिटला, घड्याळ गेलं. त्याच्या जागी भिंतीचा पिवळट रंग आणि एक रिकामा खिळा. मी हे तीनदा केलं, कारण एका वाचनावर विश्वास ठेवू नये हे मला तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवलेलं आहे. तिन्ही वेळा तेच. कारखान्याच्या तपासणी विभागात अडतीस वर्षं मी उजव्या डोळ्याने पाहत आलो अशी माझी समजूत होती, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लहान मुलांच्या धनुर्विद्येच्या वर्गात, मला कळलं की पाहणारा तो नव्हता.

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. नाव तिच्या आजीने ठेवलं, कारण रांगायच्या वयातही ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत न्यायची. एकदा तिने पाटा ओढायचा प्रयत्न केला होता. आता ती दहा वर्षांची आहे. धनुष्यबाणाचा वर्ग तिने स्वतःच शोधला. शाळेच्या फाटकावर चिकटवलेला कागद तिने सोलून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या बापासमोर ठेवला. बाप, म्हणजे माझा मुलगा, टाइल्सच्या दुकानात आहे. शनिवार-रविवार त्याचे घाईचे दिवस. सून परिचारिका, तिची पाळी बदलती. उरलो मी. पहिल्या दिवशी निघताना बायको म्हणाली, "नुसते बसून या हां. तिथेही काही मोजायला लागू नका." मी म्हटलं, "मोजायचं काय आहे तिथे?" ती म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही पोळीचाही व्यास काढाल."

वर्ग एका जुन्या गोदामात भरतो. लांबी अठ्ठावीस पावलं, रुंदी अकरा. एका टोकाला फोमचे जाड ठोकळे, त्यांवर रंगीत वर्तुळांचे कागद: बाहेरून पांढरा, काळा, निळा, लाल आणि मध्ये पिवळा. मागे हिरवी जाळी. जमिनीवर टाकलेली पट्टी ही नेम धरण्याची रेषा, आणि तिच्यापासून दहा मीटरवर नवशिक्यांची लक्ष्यं. शिट्ट्यांची शिस्त मला पहिल्याच दिवशी आवडली. दोन वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की बाण सोडायचा, तीन वाजल्या की बाण आणायला जायचं, आणि त्याशिवाय कुणी रेषा ओलांडायची नाही. चौदा मुलं एरवी एकमेकांच्या अंगावर पडत असत, पण दोन शिट्ट्यांनंतर तीच मुलं आपापल्या जागी पाय रोवून उभी राहत, आणि गोदामात फक्त दोऱ्या सुटल्याचा आवाज येई. आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये दुपारी जेवणाची घंटा होण्याआधी अशी शांतता असे, प्रत्येक जण शेवटचा हात फिरवत असलेला.

बायकोचं म्हणणं मी पाळलं नाही. मुंगीचे बाण पहिल्या दिवसापासून डावीकडे जात होते. चुकणं वेगळं आणि एकाच बाजूला चुकणं वेगळं. पहिल्याला हात जबाबदार असतो, दुसऱ्याला कारण असतं. मी आलेखाची वही नेऊ लागलो. तीन आठवड्यांत दोनशे सोळा बाण नोंदवले. सरासरी विचलन डावीकडे एकोणीस सेंटिमीटर. चौथ्या शनिवारी बाकावर पाणी प्यायला आलेल्या मुंगीला मी सांगितलं, "पिवळ्यावर नेम धरू नकोस. पिवळ्याच्या उजवीकडे एक वीत धर." तिने धरला. बाण लालमध्ये आले, एक तर पिवळ्याला लागला. ती वळून माझ्याकडे पाहून हसली, आणि मला इतका आनंद झाला की मी वहीत तारखेखाली रेघ ओढली. ताईंच्या लक्षात यायला पंधरा मिनिटं लागली.

"ही बघते कुठे?" त्यांनी मला विचारलं. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. मीही त्यांना ताईच म्हणतो. "नेम भलतीकडे आणि बाण मध्ये. हे कुणी शिकवलं?"

"मी. सरासरी काढून दुरुस्ती दिली आहे."

त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली. "छान काढलंय काका. पण हे म्हणजे चष्म्याचा नंबर चुकलाय म्हणून पुस्तक वाकडं धरायचं. मुंगे, इकडे ये. हात समोर कर."

मुंगीचा मालक डोळा डावा निघाला. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा डावा डोळा मालक असला की बाण डावीकडे जातात. त्या वर्गात दर वर्षी अशी दोन-तीन मुलं निघतात. ताईंनी तिच्या हातातलं धनुष्य काढून घेतलं आणि डावखुरं दिलं. मुंगीने बाण लावला तो जमिनीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. "झालं. आता पहिल्यापासून," ती म्हणाली, मोठ्या माणसासारखी, आणि तिसऱ्यांदा लावला. मी बाकावर बसून स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहत होतो. वही मी पिशवीत घातली.

मला कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्या फोरमनने शिकवलं होतं. माप दाखवणाऱ्या डायलसमोर मान किंचित डावीकडे न्यायची, उजवा डोळा काट्याच्या बरोबर समोर आणायचा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एक डोळा मिटून दिवसभर पाहिलं तर दुपारपर्यंत डोकं दुखतं, आणि दुखऱ्या डोक्याचं वाचन घेऊ नये. "नको असलेला डोळा आपोआप गप्प बसतो," असं त्याचं वाक्य होतं. माझ्या बाबतीत बोलायचं थांबला तो उजवा. म्हणजे उजवा डोळा काट्यासमोर आणि प्रत्यक्ष पाहणारा डावा, बाजूने, तिरका. गोदामातून घरी येताना मुंगी माझ्या पुढे उड्या मारत चालली होती आणि मी मनात आकडे मांडत होतो. काटा डायलच्या पट्टीपासून साधारण एक मिलिमीटर वर असतो. दोन डोळ्यांतलं अंतर त्रेसष्ट मिलिमीटर. डोळ्यापासून डायल अडीचशे मिलिमीटर. काटा पट्टीवर पाव मिलिमीटर उजवीकडे दिसणार. आमच्या डायलवर एक घर एक मिलिमीटरचं, आणि एक घर म्हणजे एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे पाव मायक्रॉन जास्त. मला सुटल्यासारखं वाटलं. पाव मायक्रॉनने कुणाचं काही बिघडत नाही. रस्ता ओलांडताना मुंगीने माझा हात धरला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही काय पुटपुटताय?" मी म्हटलं, "हिशेब." ती म्हणाली, "आजीला सांगू?"

पण पाव मायक्रॉनने बिघडत नाही हे मी कशाबद्दल म्हणतो आहे ते मला ठाऊक होतं. अडतीस वर्षांत मी किती भाग तपासले असतील. त्यांपैकी एकही मला डोळ्यांसमोर आणायचा नव्हता, आणि एकच येत होता. पोलादाचा एक चौकोनी ठोकळा आणि तो ज्यात बसतो ती खाच. टूलरूममध्ये कायम होण्यासाठी उमेदवाराला दोन दिवसांत हातकानशीने ही जोडी करावी लागे. खाच मापात असावी आणि ठोकळ्याची रुंदी ठरल्या मापाहून वीस मायक्रॉनपेक्षा जास्त भरू नये. वीस पास, एकवीस नापास. हा जॉब, म्हणजे ही केलेली जोडी, एकदा तपासणीच्या टेबलावर आला की परत कानशीला लागत नसे. बावीस वर्षांपूर्वी त्या टेबलावर माझ्या मुलाचा जॉब आला, आणि टेबलामागे मी होतो.

नियमाप्रमाणे मी तिथे असायला हरकत नव्हती. नातेवाइकांबद्दल नियम नव्हताच, कारण तो करणाऱ्यांच्या मनात ही शक्यता आली नसावी. मी रजा घेऊ शकलो असतो. घेतली नाही, कारण रजा घेतली तर लोक म्हणतील घाबरला. मुलगा वीस वर्षांचा होता. दोन दिवस तो घरी आल्यावर जेवताना माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता, म्हणजे तसं आमचं ठरलंच होतं. हाताला कानशीने फोड आले होते, त्याच्या आईने त्यावर तूप लावलं. मी डायल शून्यावर घेतला, ठोकळा सरकवला, काटा चढला. मी एकवीस वाचलं. ठोकळा काढून पुसला, पुन्हा ठेवला. एकवीस. तिसऱ्यांदाही तेच. ठोकळा खाचेत बसत होता, एखादं झाकण बसावं तसा हवा बाहेर ढकलत अलगद उतरत होता. पण बसणं हा निकष नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. सीमेवरच्या वाचनासाठी आमच्या तक्त्यात दुसरा रकाना असे. माप मर्यादेच्या दोन घरं अलीकडे-पलीकडे आलं तर शेजारच्या तपासनिसाला हाक मारायची, त्याने स्वतः वाचायचं, आणि आपला आकडा दुसऱ्या रकान्यात लिहायचा. 'शंका असेल तर दुसरं वाचन' असं त्यावर छापलेलंच होतं. शेजारी माझा मित्र बसत असे, सरळ माणूस. मी त्याला हाक मारली नाही. मी दुसऱ्या रकान्यात आडवी रेघ मारली. तिचा अर्थ 'शंका नाही' असा होतो. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की त्याने प्रेमापोटी वीस वाचलं असतं आणि उद्या सगळे म्हणाले असते, बापाने मित्राकडून पास करून घेतला. फोरमनने मुलाला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?" तो म्हणाला, "बाबा म्हणतात एकवीस, तर एकवीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पुढची बावीस वर्षं सोपी गेली असती.

तो परत कानशीकडे गेला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा देता आली असती. अर्जाचा कागद मीच घरी आणला होता, तो फ्रिजवर चुंबकाखाली दोन वर्षं राहिला. मुलगा टाइल्सच्या दुकानात लागला आणि तिथेच मोठा झाला, आज दुकान त्याच्याशिवाय उघडत नाही. आम्ही एकाच घरात राहतो. भांडण नाही. आमचं बोलणं वस्तूंबद्दल असतं: पाण्याची टाकी, किल्ली, गॅस, छताचा पापुद्रा. एकदाच, स्वयंपाकघराच्या फरशा त्याने स्वतः बसवल्या तेव्हा मी गुडघ्यावर बसून सांधे पाहत होतो, आणि तो वर उभा राहून म्हणाला, "आमच्याकडे दोन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं, बाबा. सिमेंट भरून काढतं." बायको हसली. मीही हसलो. सांधे सरळ होते, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं नव्हतं.

त्रिकोणाच्या त्या दिवसानंतर मी चार-पाच वेळा तेच गणित केलं. पाव मायक्रॉन वजा केला तरी एकवीसचे पावणेएकवीस होतात, आणि पावणेएकवीस हे वीस नव्हे. पण काटा त्या दिवशी एकवीसच्या रेघेवर बरोबर होता की वीस आणि एकवीसच्या मध्ये, हे मला आठवेना. मध्ये असता तर मी काय केलं असतं हे मात्र मला ठाऊक होतं. आमच्या विभागात अर्धं घर नेहमी वर जात असे. तसंच वागायला शिकवलं होतं आणि मीही पुढच्यांना तेच शिकवलं. म्हणजे साडेवीस असेल तर एकवीस. आणि साडेवीसमधून पाव गेला तर सव्वावीस, आणि सव्वावीस खाली येऊन वीस. हे सगळं त्या एका आठवणीवर उभं होतं आणि ती आठवण गुळगुळीत झाली होती. जॉब माझ्याकडे आहे. नापास जॉब भंगारात जात असत; हा मी रुमालात बांधून घरी आणला होता आणि दर सहा महिन्यांनी त्याला तेल लावतो. एका सकाळी मी तो पिशवीत घालून तंत्रनिकेतनाच्या बसची वाट पाहत उभा राहिलो. तिथली प्रयोगशाळा ओळखीची आहे, दहा मिनिटांचं काम. दोन बस गेल्या. वीस निघाले तर मी काय करणार होतो? आणि एकवीस निघाले तर? मी बरोबर ठरलो असतो, आणि घरी येऊन पुन्हा टाकीबद्दल बोललो असतो. मी कोथिंबीर घेऊन परत आलो. बायको म्हणाली, "कोथिंबिरीला इतकी जड पिशवी?"

दोन महिन्यांत मुंगीचा डावा हात बसला. तिचे बाण एकत्र पडू लागले, मुठीएवढ्या जागेत, कधी वर कधी खाली, पण आपल्या जागेत. मी वही नेली नाही. वर्गाच्या शेवटी नवशिक्यांची स्पर्धा होती: तीन-तीन बाणांच्या दहा फेऱ्या, दहा मीटरवरून. क्रमांक होतेच, पण मुलांना त्याची पर्वा नव्हती. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता, दोनशे. तीस बाणांत दोनशे गुण केले की अठरा मीटरच्या गटात घेत. नाहीतर पुढच्या स्पर्धेपर्यंत, म्हणजे सहा महिने, पुन्हा दहावरच. मुंगीने सरावात एकशे शहाण्णव केले होते. आदल्या आठवड्यात तिने आरशावर खडूने दोनशे लिहून ठेवलं आणि आजीला ते पुसू दिलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी ताई माझ्याकडे आल्या. "काका, चार नंबरच्या लक्ष्यावर गुण लिहायला कुणी नाही. तुमचं आयुष्य मोजण्यात गेलंय, एवढं करा."

"चार नंबरवर माझी नात आहे."

"माहीत आहे."

"मला दुसरं द्या."

"तीनवर त्या बाईंचा मुलगा आहे, पाचवर त्यांचा भाचा. एकावर माझीच भाची. सगळेच कुणाचे तरी कुणीतरी आहेत, काका." त्यांनी मला पाटी आणि पेन्सिल दिली.

पंच म्हणून आलेला गृहस्थ माझ्याच वयाचा असावा. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्याने आम्हा लिहिणाऱ्यांना गोळा करून सांगितलं, "आकडा मूल स्वतः सांगेल, तुम्ही बघून लिहायचा. बाणाची काडी वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा आकडा. शंका आली तर बाणाला, कागदाला हात लावायचा नाही, मला हाक मारायची. मी वाचलं की तेच शेवटचं. हाक मारायला लाजू नका, मी त्यासाठीच उभा आहे." माझ्या विभागातलं वाक्य वेगळं होतं, आमच्याकडे अर्ध्यावर अडलेलं वर जाऊन नापास होत असे. मी पाटीवर रकाने आखून घेतले.

चार नंबरवर मुंगीबरोबर दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती बाण मारण्यापेक्षा बोलत जास्त होती. "आजोबा, तुमचे आकडे छापल्यासारखे येतात. कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, नाही. "माझ्या आजोबांना सगळ्याचा येतो," ती म्हणाली, आणि आपले आकडे सांगितले, "सहा, चार, आणि एक जाळीत. जाळीचे किती?" मुंगी हसली नाही. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटत होता. ओठ आत घेतलेले आणि नाकपुड्या किंचित फुललेल्या. कानशीवर वाकलेल्या मुलाचा चेहरा मी दोन दिवस काचेपलीकडून पाहिला होता, तो असाच. सातव्या फेरीच्या सुमारास मी मागे पाहिलं तेव्हा पालकांच्या दोरीपाशी तो उभा होता. दुकानातून तसाच आला होता, विजारीवर पांढरी धूळ. त्याने मला पाहिलं, माझ्या हातातली पाटी पाहिली, आणि मग मुंगीकडे पाहू लागला.

नऊ फेऱ्यांनंतर मुंगीचे एकशे एक्याऐंशी होते. तीन बाणांत एकोणीस हवे होते. दोन शिट्ट्या, मग एक. तिने घाई केली नाही. पहिला बाण लालमध्ये गेला, दुसरा निळ्यात खाली, तिसरा सोडायच्या आधी तिने धनुष्य एकदा खाली घेतलं, श्वास घेतला आणि पुन्हा उचललं. हे ताईंनी शिकवलेलं, आणि मला कुणी शिकवलेलं नाही. तीन शिट्ट्या झाल्या. आम्ही चालत गेलो. तिसरा बाण निळ्यात, सहाच्या पट्ट्यात होता, सातपासून सुरू होणाऱ्या लालच्या रेषेला खेटून. मुंगीने हात मागे बांधले आणि मोठ्यापासून सुरुवात करून आकडे सांगितले, "सात, सात, पाच." एकोणीस. म्हणजे दोनशे.

मी वाकलो. मान आपोआप किंचित डावीकडे गेली, उजवा डोळा काडीसमोर आला, आणि काडी व रेषा यांच्यामध्ये मला केसाएवढी निळी फट दिसली. "सहा," मी म्हणालो. शब्द आधी बाहेर पडला. मग मला आठवलं की कोण पाहत आहे. मी उजवा डोळा मिटून पाहिलं; फट होती, किंवा कागदाचा फाटलेला तंतू होता. डावा मिटून सरळ पाहिलं, टेकलेला वाटला. मान सरळ केली तर पुन्हा फट. पेन्सिल रकान्यावर होती.

दोन वेण्यांची मुलगी वाकून म्हणाली, "टेकलाय की. मला तर टेकलेला दिसतोय."

मुंगी बाणाकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती पाटीकडे पाहत होती. "आजोबा म्हणतात सहा, तर सहा," ती म्हणाली.

हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं असणं शक्य नव्हतं. घरात ते कधी उच्चारलं गेलेलं नाही. तिच्या आजीलाही मी ते सांगितलेलं नाही. कदाचित जिथे माझ्यासारखा माणूस पाटी घेऊन उभा असेल तिथे समोरचं मूल हेच म्हणत असेल. मला वाटलं की आता मी सहा लिहिले तर ते चूक असणार नाही, सात लिहिले तर तेही कदाचित चूक असणार नाही, आणि या दोन्हीतलं काहीही मी एकट्याने लिहिता कामा नये. मी पेन्सिल कानावर ठेवली आणि हात वर केला. आयुष्यात शाळा सुटल्यापासून मी हात वर केल्याचं मला आठवत नाही. पंचाचं लक्ष नव्हतं. मला हाक मारावी लागली. "पंच, इकडे या. दुसरं वाचन हवंय." आवाज गोदामात जरा मोठा झाला. दोरीपाशी उभ्या असलेल्या लोकांनी वळून पाहिलं.

तो आला. गळ्यातलं भिंग काढून त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग गुडघा टेकून खालून. बराच वेळ घेतला. माझ्या मनात त्या वेळी ना सहा होते ना सात; मी त्याची मान पाहत होतो, ती कुठल्याच बाजूला झुकत नव्हती. तो उठला. "सहा," तो म्हणाला. "अगदी केसभर आहे, पण फट आहे. सहा." मुंगीला म्हणाला, "बाण फार चांगला मारलास." मी रकान्यात सहा लिहिले. एकशे नव्व्याण्णव. खाली पंचाने सही केली.

"एकाने," मुंगी म्हणाली.

"माझे एकशे बावीस झाले," दोन वेण्यांची म्हणाली. "तू रडलीस तर मी काय करायचं मग?"

"मी रडत नाहीये," मुंगी म्हणाली, आणि पाय फोमला लावून बाण उपटू लागली. तिसरा बाण तिने शेवटी काढला. त्याच्या भोकावर बोट ठेवून पाहिलं, आणि मग तीनही बाण भात्यात टाकले.

दोरीपाशी मुलाने तिच्या खांद्यावरचं धनुष्य उतरवून घेतलं. तिने त्याला सगळं एका दमात सांगितलं, त्यात 'आजोबांनी पंचांना बोलावलं' हेही. मग ती ताईंकडे पळाली, पुढच्या स्पर्धेची तारीख विचारायला. आम्ही दोघं उभे राहिलो. तो गुडघ्यावर बसून धनुष्याचे भाग सुटे करून पिशवीत भरू लागला. प्रत्येक भाग पुसून, ज्या खणाचा त्या खणात.

"पंच काय म्हणाले?" त्याने वर न पाहता विचारलं.

"सहा."

"आणि तुम्ही?"

"सहाच."

"मग बोलावलंत कशाला? तुमचं बरोबरच होतं की."

"शंका होती," मी म्हणालो.

त्याने पिशवीची चेन ओढली. ती मध्येच अडकली, त्याने मागे घेतली, पुन्हा ओढली. चेन शेवटपर्यंत गेल्यावर त्याने विचारलं, "तेव्हा नव्हती?"

मला तो जुना रकाना दिसला, त्यातली आडवी रेघ दिसली, पट्टीने मारल्यासारखी सरळ. पाव मायक्रॉन, त्रेसष्ट मिलिमीटर, अर्धं घर वर. हे सगळं त्याला सांगता आलं असतं आणि त्याला ते समजलंही असतं, त्याला हे सगळं शिकवलेलं होतं. त्यातलं काही मी सांगितलं नाही.

"तेव्हाही होती," मी म्हणालो.

मागे मुलं जाळीखाली हरवलेले बाण शोधत होती आणि ताई त्यांना ओरडत होत्या. मग त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि उभा राहिला. विजारीवरची धूळ झटकली. ती तशीच राहिली.

"तो ठोकळा आहे अजून?"

"माझ्या खणात. तेल लावून ठेवलाय."

"अजून तेल लावता?"

"पोलाद आहे. गंजतं."

त्याने नाकातून हवा सोडली. हसला असावा. "घरी गेल्यावर काढा," तो म्हणाला. "बघू."

मुंगी धावत आली, तारीख तिने मनगटावर पेनने लिहून आणली होती. "काय काढा? कसला ठोकळा?"

मी उत्तर देणार होतो. तो माझ्या आधी बोलला.

"मी केलेला," तो म्हणाला.